देश आठ टक्क्यांनी वाढतोय, मग आप्पा मशिनला नाही का म्हणतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३३, मेकॅनिकल डिप्लोमा. कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एका लेथवर सुरू केलेलं, आज तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि दोन व्हीएमसी (पार्ट कापणारी, भोकं पाडणारी कॉम्प्युटरवरची उभी मशिन) आहेत. जवळपास ८० टक्के काम एकाच फाउंड्रीचं, म्हणजे ओतकाम कारखान्याचं. त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, आम्ही मशिनिंग करून देतो, पुढे ते ट्रॅक्टर आणि ट्रक कंपन्यांना जातं. आता फाउंड्रीचे मालक म्हणतायत शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, वाढणार आहे, अजून दोन व्हीएमसी टाका, नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. फिक्श्चर (मशिनवर पार्ट पकडून ठेवायची जोडणी) वगैरे धरून खर्च ९० लाख, त्यात ७० लाखांचं लोन, पाच वर्षं, हप्ता महिना दीड लाख. बँक घर तारण मागतेय. आप्पा ऐकायलाच तयार नाहीत. मी म्हणतो देश आठ टक्क्यांनी वाढतोय, आपण जपानला मागे टाकलं, आत्ता नाही वाढलो तर कधी वाढणार? घरात आम्हा दोघांत धड बोलणं नाही. आप्पांना कसं समजावू?

उत्तर:

तुमची घाई मला कळते. मशिनवर हात बसलाय, गिऱ्हाईक स्वतःहून काम देतंय आणि घरातूनच कुणी तरी नको म्हणतंय, चिडचिड होणारच. पण तुम्ही विचारलंय ‘आप्पांना कसं समजावू’, आणि मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न अजून तुमच्या घरात कुणी विचारलेलाच नाही, की समजावण्यासारखं तुमच्या हातात नक्की आहे काय. मशिन घेण्याच्या बाजूने तुम्ही पत्रात दोन कारणं दिलीत, एक देशाची ग्रोथ आणि दुसरं फाउंड्रीवाल्यांचा शब्द. हप्ता मात्र जायचाय तो त्या दोन मशिनींच्या तासांमधून. या तिन्हींत बरंच अंतर आहे आणि आज त्याबद्दलच जरा सविस्तर बोलूया, कारण अशीच पत्रं मला इचलकरंजीच्या लूमवाल्यांची येतात, भोसरी-चाकणहून येतात, नाशिकच्या अंबड-सातपूरहून येतात, धंदा वेगळा पण सूर हाच, सगळा देश पुढे चाललाय मग मी का मागे राहू.

आठ टक्के हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. २०२३-२४ सालचा जीडीपी वाढीचा आकडा मे २०२४ मध्ये आला तेव्हा ८.२ टक्के होता, नंतर दुरुस्त होऊन तोच ९.२ झाला, आणि २०२४-२५ चा ६.५ आला. एकाच वर्षाचा आकडा नंतर एका टक्क्याने बदलतो हे आधी लक्षात ठेवा, तुमचा हप्ता असा नंतर दुरुस्त होत नाही. तिमाहीचे आकडे काढताना तुमच्यासारख्या छोट्या शॉपचा हिशेब सरकारच्या हातात नसतोच, मोठ्या कंपन्यांचे निकाल, औद्योगिक उत्पादन निर्देशांक, असल्या गोष्टींवरून अंदाज बांधावा लागतो. जपानचं म्हणाल तर २०२५ मध्ये आयएमएफच्या अंदाजात भारताचं नाव जपानच्या किंचित वर आलं, तो डॉलरमधला एकूण आकार आहे, माणशी उत्पन्न काढलं तर जपान आपल्या दहापटीहून पुढे आहे. त्या बातमीचा अभिमान वाटला तर जरूर वाटू दे, पण व्हीएमसीचं कोटेशन तिच्यावर ठरवू नका.

मुद्दा असा की जीडीपीची वाढ ही सरासरी असते. तुमच्याच जिल्ह्यात गगनबावड्याला धो धो कोसळत असतो आणि त्याच आठवड्यात शिरोळला साधी भुरभुर नसते, जिल्ह्याची सरासरी बघून शिरोळच्या माणसाने भाताची लावण केली तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. मग देशाची वाढ पडतेय कुठे? अर्ध्याहून जास्त अर्थव्यवस्था सेवाक्षेत्राची आहे, आयटी, बँका, फोन, हॉटेलं, वाहतूक. कारखानदारीचा वाटा साधारण सहाव्या हिश्श्याच्या आसपास. सप्टेंबर २०१४ मध्ये मेक इन इंडिया सुरू झालं तेव्हा हा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, तो तिथे गेला नाही. आणि कारखानदारीतही सगळे एका तालात चालत नाहीत, मोबाईल फोन जोडणीचं काम गेल्या काही वर्षांत प्रचंड वाढलं पण ते तामिळनाडू, कर्नाटक, नोएडाकडे. सरकारी भांडवली खर्च २०१९-२० ला साडेतीन लाख कोटींच्या आत होता तो २०२५-२६ च्या बजेटमध्ये ११ लाख कोटींच्या वर गेला, त्यामुळे रस्ते, रेल्वे, सिमेंट, स्टील, टिपर, खोदाईच्या मशिनी यांना काम मिळालं. म्हणजे तुम्ही बघायचं ते हे, की तुमचा पार्ट यातल्या कुठल्या पैशावर चालतो.

तुमचे पार्ट ट्रॅक्टरला आणि ट्रकला जातात, मग ट्रॅक्टर आणि ट्रकचंच बघू.

ज्या २०२३-२४ सालात जीडीपी आठच्या वर गेला, त्याच वर्षी देशातली ट्रॅक्टरची विक्री पडली. आदल्या वर्षी साडेनऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले गेले होते ते पावणेनऊ लाखांवर आले, सुमारे सात टक्क्यांची घट. कारण काय, तर २०२३ चा पावसाळा. एल निनो होता, मान्सून सरासरीच्या ९४ टक्के झाला, ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. विहिरीला पाणी नाही, ऊस वाळतोय, अशा वेळी शेतकरी नवीन ट्रॅक्टर बुक करत नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, विक्री परत वर आली. म्हणजे तुमच्या शॉपमधलं ट्रॅक्टरचं काम दिल्लीच्या आकड्यापेक्षा अरबी समुद्रावरून काय येतं याच्यावर जास्त चालतं, आणि हे आप्पांना बहुतेक कुठलाही आकडा न वाचता माहीत असणार.

ट्रकची गोष्ट तर अजून मोठी आहे, आणि मला वाटतं आप्पांच्या नकाराचं मूळ इथेच असावं. २०१८-१९ ला देशात १० लाखांच्या वर कमर्शियल गाड्या विकल्या गेल्या, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे तीन-तीन शिफ्ट, ऑपरेटर मिळत नव्हते, बँका मशिनला लोन द्यायला उंबऱ्यावर. पण खाली जमीन आधीच हलायला लागली होती. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकच्या एक्सल लोडची, म्हणजे दर आसावर किती वजन चालेल त्याची, मर्यादा वाढवली, जुना ट्रक साधारण २० ते २५ टक्के जास्त माल कायदेशीर नेऊ शकायला लागला, म्हणजे पाच ट्रकचं काम चारांत. मालवाहतूकदाराने नवीन ट्रक कशाला घ्यायचा? सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली, एनबीएफसींकडचा, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांकडचा, पैसा आटला आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या त्याच होत्या. वर एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, बीएस-सिक्स, येणार म्हणून कंपन्यांनी उत्पादन आवरतं घेतलं. २०१९-२० ला विक्री ७ लाख १७ हजारांवर आली, जवळपास २९ टक्के खाली, मोठे ट्रक तर त्याहून जास्त पडले, आणि पुढचं वर्ष कोरोनाचं, तेव्हा तर पावणेसहा लाखांच्याही आत. २०१९-२० सालात देश मात्र वाढतच होता, जवळपास चार टक्क्यांनी. आणि हे बघा, २०२४-२५ संपलं तरी कमर्शियल गाड्यांचा आकडा ९ लाख ५७ हजारांच्याच आसपास होता, २०१८-१९ च्या खालीच. दुचाकींचंही तसंच, २०१८-१९ ला २ कोटी १२ लाख, २०२४-२५ ला १ कोटी ९६ लाख. त्याच काळात पॅसेंजर गाड्या ३३ लाखांवरून ४३ लाखांवर गेल्या, आणि त्यातही साठ टक्क्यांच्या वर एसयूव्ही वगैरे मोठ्या गाड्या, छोट्या हॅचबॅक मागेच पडल्या. एकच देश, तीच सहा वर्षं. एसयूव्हीचे पार्ट करणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल सोन्याचे दिवस, आणि शंभर सीसीच्या बाईकचे पार्ट करणाऱ्याला विचाराल तर तो गप्प बसेल.

मी बरीच वर्षं बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या फाईली बघायचे. २०१९ च्या दिवाळीच्या आसपासच्या भेटी मला अजून आठवतात. शॉपमध्ये गेलं की नवीकोरी मशिन, काचेवरचं प्लॅस्टिक सुद्धा काढलेलं नाही, शेजारी रिकाम्या ट्रॉल्या, ऑपरेटर बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसलेले कारण वरून कास्टिंगच आलेलं नाही, मालक चहा मागवतोय आणि बोलता बोलता सारखा बघतोय माझ्या हातातल्या फाईलकडे. ती माणसं आळशी नव्हती, कामाला कच्ची नव्हती. त्यांनी तेजीच्या शिखरावर मशिन घेतली होती, एवढंच. आणि शिखरावर मशिन घ्यावी असंच सगळ्यांना वाटतं कारण तेव्हाच गिऱ्हाईक मागे लागतं आणि तेव्हाच बँकही हो म्हणते.

आता आजचं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला, शेतीचे ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर, ट्रक, छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ वर. त्याच वर्षी रेपो रेटही, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ६.५ वरून ५.२५ वर आला. पाऊसही दोन वर्षं चांगला झालेला. त्यामुळे मागणी उठली हे खरंय, तुमचे फाउंड्रीवाले काही खोटं बोलत नाहीयेत, त्यांना वरून तसंच शेड्यूल आलं असणार. फक्त किंमत एकदा कमी झाली की विक्री एक पायरी चढते, दरवर्षी तशीच पायरी चढत राहत नाही, आणि बरेचसे लोक जे पुढच्या वर्षी घेणार होते ते याच वर्षी घेऊन मोकळे होतात. तुमचं लोन पाच वर्षांचं आहे. पाच वर्षांत एक वाईट पावसाळा आणि ट्रकच्या धंद्यातली एक मंदी येणार असं धरूनच हिशेब करायला हवा, ती आली नाही तर आनंदच आहे.

हिशेब मी माझ्या अंदाजाच्या आकड्यांनी करून दाखवते, तुम्ही तुमचे घाला. दोन व्हीएमसी, तीन शिफ्ट, महिन्याचे २५ दिवस म्हणजे १२०० तास. सेटिंग, टूल बदलणं, लाईट जाणं, कास्टिंगची वाट बघणं हे सगळं वजा करून बिल लागणारे तास ७५ टक्के धरा, ९०० तास. तासाला ४५० रुपये रेट धरला तर बिलिंग ४ लाख ५ हजार. सहा ऑपरेटर १८ हजारांप्रमाणे १ लाख ८ हजार, वीज, इन्सर्ट (कापणाऱ्या टूलची पाती), कूलंट मिळून तासाला १०० रुपये म्हणजे ९० हजार. राहिले २ लाख ७ हजार, त्यातून दीड लाख हप्ता गेला, हातात ५७ हजार, आणि यातून अजून मेंटेनन्स, इन्शुरन्स, सुपरवायझर, टॅक्स जायचेत. आता शेड्यूल २५ टक्क्यांनी पडलं असं धरा. तास ६७५, बिलिंग ३ लाख ४ हजाराच्या आसपास, ऑपरेटर तुम्ही लगेच काढणार नाही, काढूही नये, म्हणजे पगार तेवढाच, वीज-टूल साडेसदुसष्ट हजार. हप्ता भरायला २२ हजार कमी पडतात. दर महिन्याला. आणि तिसरी शिफ्ट लागलीच नाही, दोनच शिफ्ट चालल्या, तर सुरुवातीपासूनच १२ हजार कमी. ट्रकची विक्री २९ टक्के पडलेली आपण वर बघितलीच, त्यामुळे २५ टक्के म्हणजे मी उगाच घाबरवायला काढलेला आकडा नाही.

यात अजून एक गोष्ट राहिली जी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नेहमी बारीक अक्षरात असते, उधारी. महिना ४ लाखांचं बिलिंग वाढलं आणि पेमेंट ९० दिवसांनी येत असेल तर १२ लाख रुपये कायम गिऱ्हाइकाकडे अडकून राहणार, शिवाय जीएसटी तुम्हाला बिलावर भरायचा, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणजे धंदा वाढला की आधी सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेने दिलेली कॅश क्रेडिटची मर्यादा, संपते. कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट, मी जितकी शॉप अडचणीत येताना पाहिली त्यातली बरीच अशीच आली, काम नव्हतं म्हणून नाही.

मग घ्यायचीच नाही का मशिन? तसं मी म्हणत नाहीये. आप्पा पूर्ण बरोबर आहेत असंही मला वाटत नाही. नकाराचीही किंमत असते. फाउंड्रीने खरंच दुसरा माणूस उभा केला तर तो उद्या तुमच्या आत्ताच्या कामाचाही रेट पाडेल, जुन्या मशिनींवर टॉलरन्स, म्हणजे मापातली अचूकता, धरणं वर्षागणिक अवघड होत जातं, आणि ज्या शॉपमध्ये नवीन काही येत नाही तिथून चांगला ऑपरेटर पहिला निघून जातो. कोल्हापूरच्या उद्योगाने हे आधी केलेलं आहे, ऑईल इंजिनचे दिवस सरायला लागले तेव्हा उद्यमनगरातल्या ज्यांनी वेळेत ऑटोच्या कास्टिंगकडे आणि मशिनिंगकडे मोर्चा वळवला ते टिकले. त्यामुळे वाढायचं की नाही हा वाद घालू नका, कसं आणि किती वाढायचं ते ठरवा.

पहिलं काम, आत्ताच्या दोन व्हीएमसी खरंच भरल्यात का ते बघा. अंदाजाने नाही, लॉगबुक घेऊन, गेल्या दोन-तीन महिन्यांचं, दिवसागणिक. मला शंका आहे की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे मशिन अर्धी रिकामी असते कारण कास्टिंग येत नाही, आणि शेवटच्या दहा दिवसांत सगळं एकदम येऊन पडतं, मग रविवार सुद्धा चालू आणि फाउंड्रीचा फोन दर तासाला. तसं असेल तर तुमच्याकडे मशिन कमी नाहीत, कास्टिंग वेळेवर येणं कमी आहे, आणि ते फुकटात सुधारता येतं, निदान सुधारायचा प्रयत्न तरी करता येतो. रिझर्व्ह बँक कारखान्यांचा सर्व्हे करते त्यात देशभरचा क्षमतेचा वापर गेली काही वर्षं ७५ टक्क्यांच्या आसपासच फिरतोय, म्हणजे मोठमोठ्या कंपन्याही हातातली चौथाई क्षमता न वापरता बसल्यात आणि नवीन टाकताना दहादा विचार करतायत. त्यांनी विचार करायचा आणि तुम्ही घर तारण ठेवून धावायचं, हे मला पटत नाही.

दुसरं, फाउंड्रीवाल्यांशी नीट बसून बोला, आणि चहाच्या टेबलावर नाही, कागद घेऊन. त्यांचं गेल्या २४ महिन्यांचं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचललेला माल यातला फरक तुमच्या बिलांवरूनच निघेल, तो आधी काढून घेऊन जा. मग विचारा, वाढीव काम कुठल्या पार्टचं आहे? ट्रकच्या इंजिनचं फ्लायव्हील हाउसिंग (इंजिनमागचं आवरण) असेल तर त्याचं आयुष्य डिझेल इंजिनच्या आयुष्याला बांधलेलं आहे, चाकाचा हब किंवा ब्रेक ड्रम असेल तर गाडी इलेक्ट्रिक झाली तरी चाक आणि ब्रेक लागणारच. वाढीव माल देशात जाणार की एक्सपोर्टला? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर टॅरिफ ५० टक्क्यांपर्यंत नेलं तेव्हा निर्यातीवर अवलंबून असलेल्या कितीतरी कारखान्यांची गणितं एका रात्रीत फिरली, त्यामुळे हे विचारण्यात गैर काही नाही. फिक्श्चरचा खर्च कोण करणार? आणि एक बारीक वाटणारी पण तुमच्या खिशाला लागणारी गोष्ट, पार्टच्या तीन बाजू मशिनिंग करून झाल्यावर चौथ्या बाजूला ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी, उघडला तर तोपर्यंतच्या मशिनिंगचे पैसे कोण देणार? बऱ्याच ठिकाणी कास्टिंग रिजेक्शन म्हणून जॉब परत जातो आणि मशिनिंगचा तास गेला तो गेलाच. दोन नव्या मशिनी म्हणजे हे नुकसानही वाढणार.

किमान दोन वर्षं अमुक इतक्या तासांचं किंवा नगांचं काम देऊ असं ते लेखी देतात का, हेही विचारा. पूर्ण हमी कुणीच देत नाही हे मला माहितेय, पण ज्याला तुमची खरी गरज आहे तो काहीतरी देतो, फिक्श्चर स्वतःचं देतो, कच्चा माल नियमित द्यायचं कबूल करतो, पेमेंट ४५ दिवसांवर आणतो. पेमेंटचं तर कायद्यातच आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरीसही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही. ८० टक्के काम देणाऱ्यावर कुणी तक्रार करत नाही हे मी जाणते, करा असंही सांगत नाही, पण बोलणी करताना त्यांच्या सीएला हे सगळं माहीत आहे हे तुम्हालाही माहीत असू द्या.

तिसरं, दोनच्या ऐवजी एक. एक व्हीएमसी, ३५ लाख लोन, हप्ता ७५ हजार. वरच्याच हिशेबाने तीन शिफ्टला २८ हजार हातात राहतात, आणि शेड्यूल २५ टक्के पडलं तर महिना ११ हजार कमी पडतात. ११ हजार तुमच्या आधीच्या पाच मशिनी ओढून नेतील, २२ हजार अधिक १२ लाखांची उधारी ओढणं अवघड आहे. फाउंड्रीवाल्यांना सांगा की एक आत्ता, दुसरी वर्षभराने, उचल बघून. आणि ती दुसरी शक्यतो वेगळ्याच गिऱ्हाइकाच्या कामाची असू दे, पंप, व्हॉल्व्ह, खोदाईच्या मशिनींचे पार्ट, काहीही, पण ट्रकच्या मंदीत जे पडणार नाही असं. ८० टक्के एका माणसाचं काम ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली, लोनपेक्षाही जास्त.

घर तारण ठेवायचा विषय मी इतका मागे ठेवला कारण त्याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे, ठेवू नका. सीजीटीएमएसई म्हणून सरकारी गॅरंटी योजना आहे, एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला तारणाशिवाय गॅरंटी मिळू शकते, दरवर्षी थोडी फी लागते. बँकेला घर जास्त सोपं वाटतं म्हणून ती घर मागते. स्पष्ट विचारा, सीजीटीएमएसईमध्ये का नाही, आणि नाही म्हणाले तर अजून दोन बँकांत जा. लोन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटचं, रेपोशी जोडलेलं घ्या, व्यापारी बँकांना सूक्ष्म-लघु उद्योगांच्या नव्या फ्लोटिंग कर्जांसाठी २०१९ पासून तसा बाहेरचा बेंचमार्क लावावाच लागतो. सहकारी बँकेचं गणित वेगळं असतं, तिथे नीट विचारून घ्या. १ जानेवारी २०२६ नंतर मंजूर झालेल्या अशा फ्लोटिंग कर्जाला व्यापारी बँका मुदतीआधी फेडलं तरी दंड लावू शकत नाहीत, म्हणजे चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे टाकून मुद्दल कमी करत राहता येईल. तसं करा.

आता आप्पा. त्यांना जीडीपी सांगू नका. तुम्ही देशाचं बोलता तेव्हा त्यांना ऐकू येतं की पोराला शॉपचं माहीत नाही, आणि ते नुसतं नको म्हणतात तेव्हा तुम्हाला ऐकू येतं की म्हातारा घाबरला. दोन्ही खरं नसणार. त्यांना विचारा, २०१९ ला आपल्याकडे काय झालं होतं, किती महिने काम नव्हतं, हप्ता कुठून भरला, कुणाचे पैसे बुडाले. तुम्ही तेव्हा सव्वीस-सत्तावीसचे असाल, सगळं तुम्हाला सांगितलं असेलच असं नाही, बऱ्याच घरांत बाप असलं काही सांगत नाही, आईचे दागिने कुठे गेले हे सुद्धा पोरांना नंतर कळतं. जुनी पासबुकं, जुनी बिलबुकं काढा आणि दोघं मिळून त्यातून महिन्याचे तास काढा, चांगल्या वर्षाचे आणि वाईट वर्षाचे. मग त्यांनाच विचारा की वाईट वर्ष धरून आपण किती हप्ता पेलू शकतो. त्यांनी ७० हजार म्हटलं तर तुमची पुढची बोलणी त्या आकड्यावर करा. हे केल्याने ते हो म्हणतीलच असं मी सांगत नाही, पण मग त्यांचा नकार एका आकड्याला असेल, तुम्हाला नाही.

इतर वाचकांपैकी ज्यांना हे आपलंच वाटतंय त्यांनी ट्रक-ट्रॅक्टरच्या जागी आपला माल घाला. लूमवाल्यांनी सुताचा भाव आणि कापडाचा उठाव बघा, पॅकिंगवाल्यांनी आपला बॉक्स कुणाच्या मालाला लागतो ते बघा. वाहनांच्या विक्रीचे आकडे सियाम ही वाहन कंपन्यांची संघटना वेळोवेळी जाहीर करते, औद्योगिक उत्पादन निर्देशांक सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला काढतं आणि त्यात कारखानदारीचे २३ गट वेगवेगळे असतात, आपला गट शोधून त्याचा दोन-तीन वर्षांचा कल बघा, एका महिन्याची उडी बघू नका. हेडलाइनमधला मोठा आकडा वगळून आपल्या ओळीतला छोटा आकडा बघायची सवय लागली की बँकेत बोलतानाही फरक पडतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

आणि तुमच्यासाठी शेवटचं. फाउंड्रीवाल्यांनी फिक्श्चर, पेमेंट, किमान काम, ब्लो होलचे पैसे, यातलं काहीच लेखी द्यायला नकार दिला आणि तरीही दोन मशिनी टाकाच म्हणाले, तर दोनही नको आणि एकही नको. स्वतःचे जे २० लाख घालणार होता त्यातले थोडे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सॅम्पलवर आणि फिक्श्चरवर घाला, बाकीचे बाजूला ठेवा, आणि आत्ताच्या पाच मशिनींवर त्याचं काम सुरू करा.